चिसेने कोरलेले ठिपके

पूर्वेच्या समुद्रात, सूर्य सगळ्यांत आधी जिथे उगवतो असं म्हणतात, तिथे कधीकाळी एक बेटांचं राज्य होतं. त्याला किती वर्षं झाली ते मला सांगता यायचं नाही. तिथली फुलं बोलत नसत, पाखरंही बोलत नसत. माणसं तेवढी बोलत, आणि कधीकधी बोलायला हवं तेव्हाच गप्प बसत. ही गोष्ट अशा एका गप्प बसण्याची आहे.

त्या राज्यात एका डोंगराच्या पायथ्याशी चित्रं छापणारं एक मोठं घर होतं. उन्हं चढली की मिटून जाणारी निळी वेल, पाणथळीतली जांभळी फुलं आणि त्यांची तलवारीसारखी पाती, शेवंतीवर झुलणारी चिमणी, बर्फाच्या भाराने वाकलेला बांबू, अशी त्या घरातली चित्रं दूरदूरच्या बंदरांत जात. हे काम एकट्याचं नसे. एक जण चित्र काढी, दुसरा ते चेरीच्या लाकडाच्या फळीवर कोरी, आणि तिसरा त्या फळीला रंग लावून वर कागद दाबी. कोरलेल्या फळीला ते ठसा म्हणत. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. जिथे लाकूड खोदलं जाई तिथे रंग लागत नसे, कागद पांढरा राही. आणि ठशावर जे उजवीकडे असे, ते कागदावर डावीकडे उमटे.

ठसे कोरणाऱ्यांत चिसे नावाची एक विधवा बाई होती. पस्तिशी ओलांडलेली, कमी बोलणारी. शेवंतीच्या एका फुलात ती केसाएवढ्या बारीक दोनशे रेघा कोरी आणि एकही तुटू देत नसे. तिच्या हातावर सगळ्या घराचा विश्वास होता. चिसेचा मात्र आपल्या हातापेक्षा भीतीवर जास्त विश्वास होता. भीती असली की हात चुकत नाही, असं तिला वाटे.

भीती होतीही तशीच. राजाचा हुकूम होता, की राजमुद्रा असलेल्या कागदात चूक निघाली तर चूक करणाऱ्याचा अंगठा कापावा. हा हुकूम नुसता कागदावर नव्हता. गेम्पाची नावाचा एक ठसेकार पूर्वी चिसेच्या शेजारी बसून काम करी. भरती-ओहोटीच्या पंचांगात त्याने एक आकडा चुकीचा कोरला. आता तो गावाबाहेरच्या पुलावर बसून गवताच्या चपला विणत असे, आणि गवत धरायला अंगठा नाही म्हणून ते पायाच्या बोटांत धरत असे. चिसे रोज त्या पुलावरून जाई आणि रोज मान खाली घालून जाई.

एका वर्षी पीक फुलोऱ्यावर असतानाच थंडीने करपलं. हिवाळा सरेपर्यंत डोंगरातल्या गावांची कोठारं रिकामी झाली. बर्फ वितळून रानात पहिली पालवी फुटली, तेव्हा भुकेली माणसं दिसेल ते पान तोडून शिजवू लागली.

त्या रानात दोन झुडपं शेजारी शेजारी उगवत. एकाला दुधपानी म्हणत. त्याची भाजी पोटभर खावी, अंगात बळ येई. दुसऱ्याचं नाव काळशेंडी. तिची चार पानं पोटात गेली तर ओठ बधिर होत, मग हातपाय, आणि मग छाती थांबे. फुलं आली की दोन्ही ओळखता येत. दुधपानीला पांढरी फुलं, काळशेंडीला जांभळ्या टोपीसारखी. पण फुलांना महिना अवकाश होता. कोवळ्या पानांत फरक एकच. दुधपानीच्या पानावर दुधाचे थेंब उडाल्यासारखे बारीक पांढरे ठिपके असत. काळशेंडीचं पान निखळ हिरवं.

डोंगरातल्या जुन्या लोकांना हे थोडंफार ठाऊक होतं. पण त्या हिवाळ्यात जुने लोक फार उरले नव्हते. तेव्हा राजाने हुकूम काढला, की दोन्ही झुडपांचं चित्र छापावं, वर राजमुद्रा उमटवावी, आणि सातही गावांत पोचवावं.

त्या घरातला म्हातारा चित्रकार स्वतः डोंगरावर गेला. ओल्या शेवाळात गुंडाळून दोन्ही झुडपं घेऊन आला आणि ताजी असतानाच त्याने चित्र काढलं. डावीकडे दुधपानी, तिच्याखाली सुलटी वाटी. उजवीकडे काळशेंडी, तिच्याखाली उपडी वाटी. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं, कोणतं खायचं आणि कोणतं नाही.

बर्फात फिरून त्याच्या छातीत कफ झाला होता. त्याला दोन दिवसांच्या वाटेवरच्या गरम झऱ्यांवर न्यायचं ठरलं. डोलीत बसण्याआधी तो चिसेपाशी आला.

"ठिपके तेवढे सांभाळ," तो म्हणाला. "बाकी दोन्ही सारखीच आहेत. इथे दुसऱ्या कुणाला ही झाडं माहीत नाहीत, म्हणून तुला सांगतो."

"सांभाळते, आजोबा," चिसे म्हणाली.

काळ्या रेघांचा ठसा तिने चार दिवसांत कोरला. त्यात खोट नव्हती. मग हिरव्या रंगाचा ठसा आला. त्यासाठी चित्राची एक पातळ प्रत फळीवर पालथी चिकटवायची, आणि तिच्यातून दिसणाऱ्या खुणांवर कोरायचं. प्रत पालथी असल्यामुळे डावं-उजवं आपोआप उलटं होई, कोरणाऱ्याला डोकं चालवावं लागत नसे. कागद आणखी पारदर्शक व्हावा म्हणून चिसे तो ओल्या बोटाने घासत होती, आणि घासता घासता तो फाटला. नेमका दोन्ही झाडांच्या पानांवरच.

दुसरी प्रत घराच्या कारभाऱ्याच्या पेटीत होती. प्रत्येक प्रतीवर त्याची खूण होती, आणि नवी मागायची तर फाटलेली दाखवून कारण सांगावं लागे. कारभारी वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या तोंडी सारखा त्या हुकुमाचा धाक असे. चिसे उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन बसली.

समोर भिंतीवर म्हाताऱ्याचा रंगीत नमुना टांगलेला होता. त्यात ठिपके स्वच्छ दिसत होते. नमुन्याकडे बघत, एकेक मोजत तिने ते ठशावर कोरले. नमुन्यात डावीकडे होते, तसे तिने डावीकडे कोरले. काम इतकं बारीक होतं आणि मन कारभाऱ्याच्या पावलांकडे इतकं लागलेलं होतं, की ठशावरचं डावं कागदावर उजवं होतं, ही पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही.

छापण्याचं काम मोसुकेकडे होतं. तो धिप्पाड आणि शांत माणूस. बांबूच्या पानात गुंडाळलेली गोल गादी कागदाच्या पाठीवर फिरवत त्याने तीनशे कागद छापले. कारभाऱ्याने ते तपासले. राजमुद्रा सरळ आहे का, कडा जुळल्या आहेत का, रंग कुठे फुटला आहे का, एवढं त्याने पाहिलं. त्याला पानं कुठे माहीत होती. "उत्तम," तो म्हणाला, आणि प्रत्येक कागदावर तपासणीची आपली मुद्रा उठवली.

दुपारी कागद दोरीवर वाळत होते. चिसे सहज त्यांच्याखालून जात होती. एका कागदापाशी ती थबकली. क्षणभर तिला वाटलं, आपण अजून ठशाकडेच बघतो आहोत. मग तिने खालच्या वाट्या पाहिल्या.

सुलट्या वाटीच्या वर निखळ हिरवं पान होतं. उपड्या वाटीच्या वर ठिपके होते.

तिने दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्या तीनशे कागदांवर विष खा आणि अन्न टाका असंच लिहिल्यासारखं होतं. वाऱ्याने कागद हलले. त्यांचा आवाज तिला एवढा मोठा वाटला की तिने मागे वळून बघितलं.

मागे कारभारी उभा होता.

"काय गं, काही उणं राहिलंय का?"

आजोबा गावात नव्हते. झाडं ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. हे जगात एकट्या चिसेला ठाऊक होतं. तिचा उजवा हात आपोआप बाहीत गेला आणि अंगठा मुठीत लपला.

"नाही," ती म्हणाली.

"मग चेहरा का असा?"

"डोळे दुखतायत."

"आज विसावा घे मग," कारभारी म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालवाहू कागदांच्या वळकट्या पाठीला बांधून निघाले. चिसे फाटकाशी उभी राहून बघत राहिली. डोंगरात जुनी माणसं असतील, ती ओळखतील, असं तिने स्वतःला सांगितलं. कागद बघतंय कोण, लोक आपल्या माहितीनंच पानं तोडतात, असंही सांगितलं. टपालवाहू वळणाआड गेले, तेव्हा तिला वाटलं होतं की सुटल्यासारखं होईल. ते झालं नाही.

त्या दिवशी तिच्यासमोर जांभळ्या फुलांचा एक सुंदर ठसा होता, कुणा सरदाराच्या पडद्यासाठी. तिने पटाशी उचलली आणि तिला फुलांच्या जागी काळशेंडीच्या टोप्या दिसू लागल्या. पटाशी घसरली, एक पाकळी तुटली. ती दचकून इकडेतिकडे बघू लागली. अंगणात कुणी धावलं तरी तिला वाटे, डोंगरातून निरोप आला. ओठांना जीभ लावून ती सारखी बघे, बधिर झाले की काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडताना तिने मान खाली घातली नाही. ती गेम्पाचीसमोर जाऊन बसली.

"दादा, एक विचारू?"

"पाच वर्षांनी विचारतेस," गेम्पाची म्हणाला. त्याने पायाच्या बोटांतलं गवत सोडलं नाही. "विचार."

"अंगठा गेला, तेव्हा फार दुखलं का?"

गेम्पाचीने तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा हात बाहीत होता. त्याच्या लक्षात काय आलं आणि काय नाही, ते त्याने दाखवलं नाही.

"दुखलं ना. महिनाभर दुखलं, मग थांबलं," तो म्हणाला. "लोकांना वाटतं, माझी चूक पंचांग वाचणाऱ्यांनी पकडली. तसं नाही. मला आधीच कळली होती. पंचांग निघण्याआधी आठ दिवस. मी म्हटलं, एक आकडा आहे, कोण बघतंय. त्या आकड्यावर भरवसा ठेवून दोघे भाऊ शिंपले वेचायला खाडीत उतरले. भरती तासभर आधी आली." त्याने गवताला पीळ दिला. "त्यांची आई अजून या पुलावरून जाते. तिला माहीत नाही, की मला माहीत होतं. तू आत्ता दुखण्याबद्दल विचारलंस ना, तर हे दुखणं थांबलेलं नाही."

खाली नदीत वितळलेल्या बर्फाचं पाणी जोरात वाहत होतं.

"तीनशे कागद आहेत, दादा," चिसे म्हणाली.

"मग इथे का बसलीस?" गेम्पाची म्हणाला.

ती परत छापखान्यात गेली. मोसुके आणि कारभारी दोघेही होते. तिने भिंतीवरचा नमुना काढला, उरलेला एक कागद त्याच्या शेजारी ठेवला, आणि ठिपक्यांवर बोट ठेवलं. मग काय झालं ते सगळं सांगितलं.

कारभाऱ्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. त्याने आधी दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"पुलावरच्या गेम्पाचीदादांना. दुसऱ्या कुणाला नाही. माणसं पाठवा, कारभारी. सात गावं आहेत."

"माणसं पाठवली की राजाला कळलं. कागदावर माझीही मुद्रा आहे. तुझा अंगठा जाईल, माझाही जाईल." तो हळू आवाजात बोलत होता, जणू लहान मुलाची समजूत काढतोय. "रानातल्या लोकांना रान कळतं. चार दिवस गप्प राहा. काही होणार नाही."

चिसेने गेल्या दोन दिवसांत स्वतःला हेच सांगितलं होतं, याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला त्यातला खोटेपणा पहिल्यांदा ऐकू आला.

"मी निघते," ती म्हणाली.

"दाराबाहेर गेलीस तर मी तुला ओळखत नाही."

मोसुकेने हातातली गादी खाली ठेवली आणि रंगाने हिरवे झालेले हात कमरेच्या फडक्याला पुसले. "कागद मी दाबलेत," तो म्हणाला. "नदीकाठच्या तीन गावांना मी जातो. तू वरच्या चार गावांना जा." आणि त्याने दाराची कडी काढली.

चिसे धावतच निघाली. वाटेतल्या पहिल्या गावाला आणि भेटेल त्याला ती सांगत गेली. एका लाकूडतोड्याने आपल्या भावाला दुसऱ्या गावाकडे पिटाळलं, एक हमाल ओझं तिथेच टाकून तिसऱ्याकडे धावला. त्या रात्री ती कोळसे पाडणाऱ्यांच्या झोपडीत थांबली, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर येता येता सगळ्यांत उंचावरच्या गावात पोचली.

गावात शांतता होती. गावकामगाराच्या दारावर तिचा कागद चिकटवलेला होता. त्याच्या कडा कुणीतरी भाताच्या खळीने काळजीपूर्वक बसवल्या होत्या. समोरच्या अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं उकळत होतं. भोवती पंधरा-वीस माणसं वाट्या घेऊन बसली होती. सगळ्यांच्या कपाळाला सुतकाच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. एक तरुण बाई पातेलं ढवळत होती. तिचं नाव सुगे.

"कोण गेलं?" चिसेने एका म्हाताऱ्याला विचारलं.

"ओतामी आजी. ती ढवळतेय ना, तिची आई," म्हातारा म्हणाला. "नवीन काही शिजलं की आजी आधी स्वतः खायची आणि मग पोरांना द्यायची. काल दुपारी जेवली, म्हणाली ओठांना मुंग्या आल्यात. मग हातपाय. वय झालं होतं, त्यात उपाशीपोटी दिवस काढलेले. आज तिच्या नावाचं जेवण. थोडं बसा, तुम्हीही घ्या."

चिसे पातेल्यापाशी गेली. फेसाबरोबर पानं वर येत होती आणि खाली जात होती. निखळ हिरवी.

"हे खाऊ नका," ती म्हणाली. "हे विष आहे. तुमची आई यानंच गेली."

सुगेचा हात थांबला. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"कागदावर राजाची मुद्रा आहे," सुगे म्हणाली. "मी प्रत्येक पान त्याच्याशी जुळवून तोडलंय. ठिपकेवालं एकही घेतलं नाही. ढीगभर टाकून दिलं. तुम्ही कोण सांगणार?"

"तो कागद मी कोरला. ठिपके चुकीच्या झाडावर पडले. तुम्ही टाकलेलं तेच अन्न होतं."

"कसं पडतील चुकीच्या झाडावर?"

कसं सांगावं ते चिसेला सुचेना. तिने पातेल्याखालची काजळी घेतली, तळहातावर एका बाजूला ठिपके काढले आणि तळहात कागदाशेजारच्या दारावर दाबला. हात काढला, तेव्हा ठिपके दुसऱ्या बाजूला उमटलेले होते. एका लहान मुलीने रिकामी वाटी चाटली, आणि तिच्या आईने ती वाटी घाबरून हिसकावून घेतली.

सुगेने पातेल्याच्या काठाला फडकं धरलं आणि पातेलं उपडं केलं. वाफाळणारं हिरवं पाणी मातीत पसरत गेलं. भुकेली माणसं ते जिरताना बघत राहिली.

मग सुगे सरळ उभी राहिली. "तुला केव्हा कळलं?" तिने विचारलं.

एवढा वेळ चिसे डोंगर चढत आली होती ती हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून देव आठवत. काल सकाळी, असं म्हणता आलं असतं. कळताक्षणी धावत आले, असं म्हणता आलं असतं. वाटेवरच्या सगळ्यांनी तिला धावताना पाहिलंच होतं. खरं ठाऊक असणारं त्या डोंगरावर कुणी नव्हतं.

"कागद दोरीवर वाळत होते तेव्हा," ती म्हणाली. "तुमच्या गावात यायच्या आधी. मी घाबरले. गप्प बसले."

सुगेने तिला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिने फक्त पातेलं उचललं आणि ती घरात गेली. चिसेला वाटलं, तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

बाकीच्या गावांत निरोप वेळेवर पोचले. नदीकाठच्या एका गावात एक कोळी दहा दिवस अंथरुणाला खिळला आणि वाचला. दुसरं कुणी दगावलं नाही. चिसे एका गावातून दुसऱ्या गावात जात, दारांवरचे आपले कागद स्वतःच्या हाताने फाडत खाली उतरली, आणि राजाच्या शिपायांनी तिला पुलापाशीच धरलं.

राजवाड्याच्या अंगणात भर सकाळी न्याय बसला. मधोमध लाकडाचा ठोकळा होता. चिसेने कुणी न सांगता त्यावर उजवा हात ठेवला. राजाने सगळं ऐकलं. मोसुकेचं ऐकलं, कारभाऱ्याचंही ऐकलं.

"प्रत फाटली तेव्हा तू का सांगितलं नाहीस?" त्याने चिसेला विचारलं.

"अंगठ्याच्या भीतीने, महाराज."

"आणि चूक दिसली तेव्हा?"

"त्याच भीतीने."

"आणि तू?" राजाने कारभाऱ्याला विचारलं. कारभाऱ्याने खाली बघत तेच उत्तर दिलं.

राजा म्हातारा होता, आणि तो हुकूम त्याने तरुणपणी स्वतः लिहिला होता. "चुका होऊ नयेत म्हणून मी तो काढला," तो म्हणाला. "चुका व्हायच्या त्या होतच राहिल्या. लोकांनी मला सांगायचं तेवढं थांबवलं." त्याने हुकूम मागवला आणि सगळ्यांदेखत फाडला. सांगितल्यावरही चूक दडपू पाहणाऱ्या कारभाऱ्याला त्याने कामावरून काढलं. मग तो सुगेकडे वळला. तिलाही डोंगरावरून बोलावून आणलं होतं.

"हिचं काय करायचं ते तू सांग. माणूस तुझं गेलं आहे."

सुगे ठोकळ्याकडे बघत म्हणाली, "तो अंगठा घेऊन माझी आई येणार नाही. नवा कागद हिनंच कोरावा. आणि दरवर्षी पालवी फुटली की हिनं वर यावं आणि आमच्या पोरांना हाताने पानं दाखवावीत. माझ्याशी बोलायला येऊ नये."

झऱ्यावरून परतलेला म्हातारा चित्रकार शेजारी बसला आणि चिसेने नवा ठसा कोरला. प्रत एकदा फाटली. तिने लगेच उठून सांगितलं. दुसरी मिळाली. पहिला कागद छापून झाल्यावर तिने तो मोसुकेला, आजोबांना, आणि पुलावरून मुद्दाम बोलावून आणलेल्या गेम्पाचीला दाखवला आणि म्हणाली, "यात चूक शोधा." पुढे शेवंती कोरली काय किंवा चेरीची फांदी कोरली काय, ठसा झाला की ती हेच म्हणे. भीती तिला आयुष्यभर सोडून गेली नाही, पण त्या भीतीने तिचं तोंड पुन्हा बंद केलं नाही.

दर वसंतात ती डोंगर चढे. पोरांना रानात नेई, पानं उन्हात धरून ठिपके दाखवी, चुकीचं पान तोडलं तर हातातून काढून घेई. सुगे दारात उभी राहून बघे आणि आत निघून जाई. असं एक वर्ष झालं, चार झाली, नऊ झाली.

दहाव्या वसंतात चिसे पोरांना घेऊन परतली, तेव्हा सुगे अंगणात टोपली घेऊन उभी होती. टोपली पानांनी भरलेली होती. आता तिला पानं ओळखायला कुणाची गरज नव्हती. चिसेपेक्षा सुगेच ती चांगली ओळखत असे. तरीही तिने टोपली पुढे केली.

"एकदा बघून दे," ती म्हणाली. "पोरं जेवायची आहेत."

चिसे तिथेच मातीत बसली आणि एकेक पान उलटून बघू लागली. टोपली तळापर्यंत तपासून होईपर्यंत सुगे तिच्याजवळ उभी होती. मग तिने ती उचलली आणि चूल पेटवायला गेली. जाताना तिने दार उघडं ठेवलं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, या गोष्टीचा बोध एवढाच: आपल्या चुकीबद्दल आपण जितका वेळ गप्प राहतो, तितकी तिची शिक्षा निरपराध माणसाच्या वाट्याला जाते.